अस्मितेची परिषद आणि रंगाऱ्याचे गाव

आमच्याकडे महाविद्यालयीन परिषदांचा हंगाम रब्बीच्या पिकाबरोबर येतो. दिवाळीची सुटी संपली आणि ज्वारी कमरेएवढी झाली की निमंत्रणपत्रिका येऊ लागतात. हरभरा घरात येईपर्यंत सगळ्या परिषदा उरकलेल्या असतात. पिकाचे माप खळ्यावर होते. परिषदेचे माप मात्र कोणी घेत नाही. ते एकदा घेऊन पाहावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातील एका महाविद्यालयात लोकप्रिय संस्कृती आणि अस्मिता या विषयावर विद्यार्थ्यांची आंतरविद्याशाखीय परिषद भरली होती. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण जो दोष मी दाखविणार आहे तो एका संस्थेचा नाही, आम्हां सर्व अध्यापकांचा आहे, आणि त्यात माझा वाटा लहान नाही. एका सत्राचा अध्यक्ष म्हणून मला बोलावणे आले होते. विषय वाचून मला मनापासून आनंद झाला, हे आधीच कबूल करतो. आम्ही शिकत होतो त्या काळी तमाशा, कव्वाली, भीमगीत, सिनेमा यांपैकी काहीही महाविद्यालयाच्या उंबरठ्याच्या आत येत नसे; आले तर ते स्नेहसंमेलनाच्या रात्री आणि प्राचार्यांची नजर चुकवून. ज्या गोष्टींवर लाखो माणसे हसतात, रडतात आणि प्रसंगी एकमेकांची डोकी फोडतात, त्यांचा विचार विद्येच्या घरात होऊ नये, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. तो विचार आता होणार, आणि तोही विद्यार्थ्यांकडून, या आशेने मी गेलो.

माझ्या सत्रात दहाबारा निबंध वाचले गेले. अमेरिकन चित्रपटांतील अतिमानवी नायक, कोरियन गायकवृंदांचे चाहते, परदेशी मालिकांतील स्त्रीप्रतिमा, जाहिरातींतील सौंदर्यकल्पना असे विषय होते. विषय वाईट नव्हेत. परंतु प्रत्येक निबंधाचा सांगाडा एकच होता: आरंभी तीनचार पाश्चात्त्य पंडितांची नावे, मध्ये त्यांची मते, अखेरीस अधिक संशोधनाची गरज आहे असा निष्कर्ष. लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिले आहे, कोणास काही विचारले आहे, कोठे पायी जाऊन आला आहे, याची खूण शोधूनही सापडेना. कोरियन गाण्यांवरचा निबंध वाचणारी मुलगी कन्नड तालुक्यातली, आमच्या देवगाव रंगारीच्या बाजूची निघाली. चहाच्या वेळी मी तिला विचारले, "तुझ्या गावात ही गाणी कोण ऐकतं ग?"

ती म्हणाली, "फारसं कुणी नाही, सर."

"मग घरात काय ऐकता?"

तिने सांगितले की वडील गाडी चालविताना भीमगीते लावतात, भाऊ मिरवणुकीतल्या ध्वनिफिती फोनवर साठवून ठेवतो, आणि आजीला जात्यावरच्या ओव्या इतक्या येतात की ती म्हणू लागली तर रात्र पुरत नाही. मी म्हटले, "अग, मग त्यावर का लिहिलं नाहीस?" तिने माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिले आणि विचारले, "सर, पण हे पेपरात चालतं का?"

या एका प्रश्नात त्या दोन दिवसांच्या परिषदेचा सगळा हिशेब आला. मुलगी हुशार होती. तिने मेहनतही केली होती. पण शाळेपासून पदवीपर्यंतच्या पंधरा वर्षांत तिला आम्ही एवढेच शिकविले होते की घरातून जे आणलेस ते ज्ञान नव्हे, आणि जे ज्ञान आहे ते तुझ्या घरात असू शकत नाही. ज्या परिषदेचे प्रयोजनच तू कोण आहेस हे विचारणे होय, तिच्यात शिरताना तिला आपले घर दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवावे लागले.

कोणी म्हणेल, हा इंग्रजी शिकलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचा स्वदेशीचा उमाळा आहे. पाश्चात्त्य विचाराला कुंपण घालण्याचा हा डाव आहे. तसे मुळीच नाही. मी तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरले आहे आणि त्या वाङ्मयाचे ऋण मी विसरलो नाही. माझी तक्रार नेमकी उलट आहे. ज्या पंडितांची नावे आमचे विद्यार्थी घोकतात, त्यांचे आम्ही काही घेतलेच नाही. रिचर्ड हॉगार्ट हा लीड्सच्या कामकरी वस्तीत वाढलेला मनुष्य. त्याने १९५७ साली 'द यूझेस ऑफ लिटरसी' हा ग्रंथ लिहिला, तो आपल्याच आळीतील बायकामाणसांच्या बोलण्यावर, गाण्यांवर आणि स्वस्त मासिकांवर. रेमंड विल्यम्स वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यातला, रेल्वेत सिग्नल देणाऱ्याचा मुलगा. संस्कृती ही सामान्यांची, रोजची वस्तू आहे, असे त्याने १९५८ साली प्रतिपादिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा बाप आणि त्याचे खेडे होते. हॉगार्टने १९६४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात या अभ्यासाचे केंद्र स्थापिले. पुढे ते जमेकाहून आलेल्या स्टुअर्ट हॉलने चालविले. २००२ साली ते बंदही झाले. आमच्या संदर्भसूचीत मात्र ते अजून चालू आहे! या लोकांनी आपल्या दारापुढचा रस्ता पाहिला, हे त्यांचे खरे शिकविणे. आम्ही त्यांचा रस्ता पाठ केला आणि आमचा ओलांडून गेलो. गुरूने चंद्राकडे बोट दाखवावे आणि शिष्याने बोटाचेच पूजन मांडावे, तशातला हा प्रकार आहे.

शिवाय दारापुढचा रस्ता पाहण्याची विद्या आम्हांस लीड्सहूनच आणावी लागते, असेही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध केला. नारायण गोविंद चापेकरांनी 'आमचा गाव बदलापूर' १९३३ साली. एक महसूल खात्यातला अधिकारी, दुसरा न्यायखात्यातला. दोघांपैकी कोणासही या लिखाणामुळे बढती मिळावयाची नव्हती. बदलापुरात माणसे काय खातात, कर्ज कोणाकडून काढतात, कोणत्या देवास काय बोलतात, हे चापेकरांनी घरोघर विचारून लिहिले. दुर्गाबाई भागवत आणि रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी पुढे हीच वाट रुंद केली. आणि जात्यावरच्या ओव्यांचे म्हणाल, तर फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉयटवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. परदेशातून आलेल्या माणसास ज्या आजीच्या तोंडी शास्त्र दिसले, ती आजी आमच्या परिषदेत चालते की नाही, अशी शंका तिच्याच नातीला यावी, ही शरम कोणाची?

याहून जुना दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. पैठणचे एकनाथ. त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, महारीण, विंचू चावलेला मनुष्य, सगळे आपापल्या बोलीत बोलतात. बाजारात जे चालते त्याची ज्यास लाज वाटली नाही, आणि त्यातूनच ज्याने वेदान्त सांगितला, तो पंडित होता; भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारा होता. 'हिंदू-तुर्क संवाद' त्यानेच रचला, आणि त्याचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी राजवटीच्या चाकरीत होते. लोकप्रिय संस्कृती आणि अस्मिता यांवरचा आंतरविद्याशाखीय विचार या भूमीत सोळाव्या शतकात झालेला आहे. परिषदेच्या पत्रिकेत पैठणचे नाव होते. ते सहलीच्या कार्यक्रमात होते.

आता 'अस्मिता' या शब्दाकडे वळू. कारण सारी गफलत तेथून सुरू होते. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. म्हणजे अस्मिता हा मुळात एक क्लेश आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच मानण्याची भूल. तो शब्द आम्ही उचलला, त्यास फेटा बांधला आणि रथात बसविला. आता अस्मिता दुखावते, जागी होते, पेटते. तिचा अभ्यास झाल्याचे मात्र कोणी ऐकलेले नाही. मराठीत 'ओळख' हा साधा शब्द आहे. ओळख करून घ्यावी लागते, वाढवावी लागते, कधी ती चुकतेही. ओळख विचारणारा मनुष्य प्रश्न करतो. अस्मिता मिरविणारा उत्तर घेऊनच आलेला असतो. परिषदेचा विषय ओळख असा ठेवला असता तर विद्यार्थ्यांनी निदान विचारले तरी असते.

आणि विचारण्यासारखे काय होते? जे विचारावयाचे ते या जिल्ह्याच्या अंगणात धगधगत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' हा हिंदी चित्रपट आला. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला. तो पाहून लोक रडले, चित्रपटगृहांत घोषणा झाल्या. बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी तर पडद्यावर ऐकलेल्या मोगली खजिन्याच्या शोधात रात्री बत्त्या घेऊन लोकांनी शेते खणली. मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी ही मागणी जोरावली. कबरीभोवती पोलिसांचा पहारा बसला. आणि १७ मार्च रोजी नागपुरात दंगल होऊन शहराच्या काही भागांत संचारबंदी पुकारावी लागली. खुलताबाद म्हणजे कन्नडच्या शेजारचा तालुका. एक चित्रपट, एक कबर, एक दंगल: लोकप्रिय संस्कृती आणि अस्मिता यांचा याहून जिवंत धडा कोणत्या विद्यापीठास मिळाला आहे? त्यास वर्षही उलटले नव्हते. आणि त्या जिल्ह्यातील मुलांनी भरविलेल्या परिषदेत त्यावर एकही निबंध नव्हता.

का नव्हता, हे मी एका संयोजक बंधूंस खाजगीत विचारले. ते म्हणाले, "नको हो सर, उगाच वाद नको." मी त्यांच्या भीतीची थट्टा करीत नाही. महाविद्यालयास नोकरदार माणसे आहेत, वसतिगृहास काचा आहेत. परंतु या भीतीचा अर्थ काय होतो तो पाहावा. ज्या प्रश्नावर रस्त्यात दगड पडू शकतात त्यावर वर्गात शब्द पडू नये, असा तो अर्थ आहे. म्हणजे हा प्रश्न आम्ही रस्त्याच्या स्वाधीन केला. मग रस्त्याने आपल्या रीतीने उत्तर दिले, तर त्याच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आम्हांस उरतो काय?

वस्तुतः या प्रश्नाचा अभ्यास कोणाचीही अस्मिता न दुखावता करता येतो. आणि तो केल्याने काय हाती लागते याचा थोडा नमुना देतो. संभाजी महाराजांची मराठी मनातील प्रतिमा गेल्या शंभर वर्षांत कशी पालटली, एवढाच प्रश्न घ्या. राम गणेश गडकरी १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे 'राजसंन्यास' हे नाटक अपुरे राहिले होते. त्या काळच्या बखरींवर पोसलेल्या समजुतीप्रमाणे त्यातला संभाजी विलासी आहे. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्या समजुतीचा पायाच खचविला. १९७९ साली कादंबरी आली. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा काही तरुणांनी उखडून टाकला. त्याच वर्षी महाराजांवरची मराठी दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरोघर पोहोचली. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचे नावच छत्रपती संभाजीनगर झाले. आणि २०२५ साली तो चित्रपट. नाटक, चरित्र, कादंबरी, पुतळा, मालिका, नाव, चित्रपट, अशी ही माळ आहे. तिच्यातला प्रत्येक मणी लोकप्रिय संस्कृतीचा आहे, आणि प्रत्येकाची तारीख लावता येते.

ही माळ हातात घेतली की विद्यार्थ्यास आपोआप कळते की आपण ज्यास सनातन अस्मिता समजतो तिचे रूप आजोबांच्या पिढीत वेगळे होते; की तिच्या घडणीत एका वृद्ध संशोधकाच्या दफ्तराचा वाटा आहे तसा नटाच्या दाढीचाही आहे; की प्रतिमा पालटली ती आधी पुराव्याने, मागाहून पडद्याने. बेंद्रे यांनी महाराजांचा मान कागद वाचून परत मिळविला. दगड मारून मिळविला नाही. हे ज्या मुलास कळले त्याचा महाराजांविषयीचा आदर कमी होईल की वाढेल? माझ्या मते वाढेल, आणि शिवाय तो आदर त्याचा स्वतःचा असेल, कोणी फोनवर पाठविलेला नसेल.

'आंतरविद्याशाखीय' हा शब्दही येथेच उपयोगी पडतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून तो प्रत्येक पत्रिकेवर आहे. परंतु एका मंडपात इतिहासाचा, वाणिज्याचा आणि रसायनाचा विद्यार्थी पाळीपाळीने बोलले म्हणजे शाखा मिळाल्या असे होत नाही. बाजारात शेजारी शेजारी दुकाने असली म्हणजे भागीदारी होत नाही. शाखा मिळतात त्या एखाद्या वस्तूपाशी, जी वस्तू एका शाखेच्या आवाक्यात मावत नाही. खुलताबादच्या कबरीस इतिहास लागतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली ती आहे म्हणून १९५८ चा कायदा लागतो. चित्रपटाचा धंदा समजण्यास अर्थशास्त्र लागते. आणि दक्षिणेच्या सूफींचे उरूस जेथे भरतात त्या गावात भद्रा मारुतीच्या दर्शनास हजारो लोक पायी का जातात, हे समजण्यास समाजशास्त्र लागते.

वस्तू इतकी दाहक नको असेल तर निवलेली घ्या. आमच्या गावाचे नाव देवगाव रंगारी. हा रंगारी कोण? परिषदेत आमच्या बाजूची पाचसहा मुले होती. एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या वयात मीही विचारला नव्हता. महाराष्ट्रात रंगाचा धंदा करणारे भावसार आहेत, निळीच्या कामावरून नाव पडलेले निराळी आहेत, मुसलमानांत रंगरेज आहेत. एकाच रांजणातून लग्नाचा शालू, वारकऱ्याची पताका आणि दर्ग्याची चादर रंगून निघत असे. रंग देणाऱ्याने घेणाऱ्याचा धर्म विचारला असता तर भट्टी विझली असती. मग १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि हिंदुस्थानभर झाडपाल्याचा रंग करणाऱ्यांचा रांजण थंडावला. या एका नावात रसायन आहे, व्यापार आहे, जातींचा आणि धर्मांचा इतिहास आहे, आणि रंगेल, रंगाचा बेरंग, रंगात येणे हे भाषेचे सारे वैभव आहे. गावातल्या म्हाताऱ्यांस भेटून, जुनी दप्तरे चाळून, रंगाची एक भट्टी पुन्हा लावून पाहून एखाद्या मुलाने वीस पाने लिहिली, तर त्या मुलाचे नाव आम्ही चापेकरांच्या रांगेत घेऊ. त्या वीस पानांसाठी त्यास कोणत्याही परदेशी पंडिताची परवानगी नको.

तशीच दुसरी गोष्ट प्रल्हाद शिंदे यांची. १९३३ ते २००४ या आयुष्यात या माणसाने विठ्ठलाची गाणी गायिली, बाबासाहेबांची गाणी गायिली आणि कव्वालीही गायिली. आषाढीस ज्या घरात त्यांचा आवाज लागतो, त्या घराच्या पाठीमागच्या वस्तीत तोच आवाज चौदा एप्रिलला लागतो. कंठ एक, श्रोते तीन, आणि श्रोत्यांस एकमेकांची खबर नाही. ओळखीचा हा गुंता सोडविणारा निबंध कोठे आहे? वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून, वह्यांवर आणि स्मरणावर जी गाणी पेरली, ती मराठवाड्यातील शाळा न पाहिलेल्या बाईच्या तोंडी आजही आहेत. तिने राज्यघटना वाचलेली नसेल, पण घटनाकार तिला गाण्यातून भेटला. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे झगडा झाला, घरे जळली, माणसे मेली, त्या विद्यापीठाच्या छायेतील महाविद्यालयांत हे विषय गौण मानले जावेत, हे पाहून मन उद्विग्न होते.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या व्यवसायात असे काही विद्वान आहेत की ज्यांना हा विषयच महाविद्यालयास शोभत नाही असे वाटते. त्यांच्या मते विद्यार्थ्याने कालिदास वाचावा, शेक्सपिअर वाचावा. तमाशा आणि सिनेमा यांसाठी रस्ता मोकळा आहे. या सद्गृहस्थांस मी एवढेच विचारतो: शेक्सपिअरचे नाटक लंडनच्या ज्या नाटकगृहात होई तेथे एका पेनीत उभे राहणारे प्रेक्षक कोण होते? आणि २०१६ साली 'सैराट' पाहण्यास खेड्यांतून ट्रॅक्टर भरभरून माणसे गेली, तेव्हा ती जे पाहून सुन्न झाली ते केवळ मनोरंजन होते काय? प्रेम, जात आणि खून यांविषयी आमच्या वर्गांत वर्षानुवर्षे जे कोणी बोलले नाही, ते नागराज मंजुळे तीन तासांत बोलून गेले. अभिजाताचा अभिमान मलाही आहे. परंतु कानांत बोळे घालून जो राखावा लागतो तो अभिमान नव्हे, बहिरेपणा होय.

राहता राहिला व्यवहार. परिषदा या अशाच का होतात, याचे उत्तर विद्वत्तेत नाही, गुणांकांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या नेमणुकीस आणि बढतीस गुणांकांची पद्धत लावली. तिच्यात पुढे पालट झाले, नियतकालिकांच्या मान्य याद्या आल्या आणि गेल्या. परंतु मोजणीची सवय हाडीमाशी खिळली. प्रमाणपत्र, छायाचित्र, पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक ही परिषदेची फळे झाली. अध्यापकास निबंध हवा, म्हणून विद्यार्थ्यास निबंध हवा. निबंध लवकर हवा, म्हणून तो उचललेला हवा. आणि दूरच्या विषयावरचा उचलता येतो, आजीच्या ओव्यांवरचा उचलता येत नाही. त्यासाठी आजीजवळ बसावे लागते. ही साधी गोष्ट आहे: ज्या विषयाची चोरी करता येत नाही तोच विषय आमच्या परिषदांनी टाळला.

या पापात माझाही भाग आहे, असे मी वर म्हटले. ते कोणते ते सांगतो. पदव्युत्तर अभ्यासासाठी मी टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतील लोकगीते आणि ग्रामाचार हा विषय घेतला होता. वेसेक्समधील धनगर मेंढ्या केव्हा धुतात, कातरणीचे जेवण कसे असते, हे मला तोंडपाठ होते. आमच्याच तालुक्यातील शिवनेच्या काठी मेंढ्या केव्हा बसवितात, हे ठाऊक नव्हते. सुटीत मी देवगावास येऊन ओसरीवर हार्डी वाचीत बसे आणि आत माझी आत्या दळता दळता ओव्या म्हणत असे. एकदा तिने विचारले, "काय रे, त्या पुस्तकात काय असतं?" मी ऐटीने म्हणालो, "आत्या, तिकडच्या खेड्यातल्या बायका काय गातात ते." ती हसली आणि म्हणाली, "मग इकडचं कोण लिवतंय?" मी त्या वेळी हसण्यावारी नेले. आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिची एकही ओवी माझ्याजवळ लिहिलेली नाही. हार्डीवरचा तो प्रबंध मात्र अजून कपाटात आहे. हार्डीने माझे काही वाईट केले नाही. त्याने आपला मुलूख सांभाळला. मी माझा घालविला.

म्हणून माझे सांगणे फार मोठे नाही. विद्यार्थ्यांच्या परिषदा अवश्य व्हाव्यात, याच विषयावर व्हाव्यात, वारंवार व्हाव्यात. परंतु प्रत्येक निबंधात लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेली आणि आपल्या तालुक्यातली एक तरी गोष्ट असावी. ती नसेल तर निबंध परत करावा. निबंध ज्या भाषेत माहिती मिळाली त्या भाषेत लिहिण्याची मोकळीक असावी. दखनी बोलणाऱ्या मुलाने दखनीतले उतारे द्यावेत, अहिराणी बोलणाऱ्याने अहिराणीतले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना सभागृहात पहिल्या रांगेत बसवावे: ओव्या म्हणणारी आजी, बँडवाला, कव्वाल, जलशातला ढोलकीवाला; आणि निबंध संपल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा. परदेशी पंडितांचे ग्रंथ या सर्वानंतर वाचावेत; तेव्हा ते कळतील आणि प्रसंगी त्यांच्याशी भांडताही येईल. आणि ज्या प्रश्नावर रस्त्यात तंटा आहे तो प्रश्न मुद्दाम घ्यावा. तारखा, कागद आणि साक्षी मांडून तो कसा बोलावा, हे शिकविणारी दुसरी जागा या देशात उरलेली नाही.

कोणी विचारील की असे केल्याने गावातल्या जातीजातींची भांडणे महाविद्यालयात शिरतील. ती शिरलेलीच आहेत. मुले ती खिशातल्या फोनमध्ये घेऊन वर्गात बसतात. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरास फोनवर ठेवलेल्या एका मजकुरावरून काय झाले हे सर्वांस स्मरत असेल. प्रश्न एवढाच की फोनमधला तो भडका फोनमध्येच धुमसू द्यावयाचा, की तो फळ्यावर मांडून मुलांस म्हणावयाचे, हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशावरून लिहिले, ते आधी पाहू. ज्याने असे एकदा पाहिले, त्याचा हात दगडाकडे जाण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल. विद्येपासून याहून अधिक मागू नये. परंतु याहून कमीही घेऊ नये.

परिषदेहून परतताना ती मुलगी बसमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर होती. उतरण्याच्या आधी ती मागे वळून म्हणाली, "सर, आजी सांगेल, पण तिला वाटेल मी थट्टा करतेय." मी म्हटले, "एक वही घेऊन बस. वही पाहिली की थट्टा वाटणार नाही." ती देवगावच्या फाट्यावर उतरली. तिने वही घेतली की नाही, मला अद्याप समजलेले नाही. पण आमच्या गावाच्या नावात अजून रंगारी आहे, आणि तो कोण होता हे विचारणाऱ्या पहिल्या मुलाची किंवा मुलीची वाट पाहतो आहे. त्या मुलास आम्ही गुरुजनांनी निदान एवढे तरी सांगावे, की होय, हे चालते.